बटुग्रह

अण्णा, आज वर्गात माझी फजिती झाली आणि सगळ्यात आधी तुम्ही आठवलात. मी आता कोपरगावकडच्या एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवते. तुम्ही गेलात तेव्हा मी नोकरीलाही लागले नव्हते, आणि आकाशात तेव्हा नऊ ग्रह होते. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी शास्त्रज्ञांनी प्लूटोला त्यातून काढलं. ग्रहानं सूर्याभोवती फिरायला हवं, तो गोल हवा आणि आपली वाट त्यानं मोकळी केलेली हवी, असं ठरलं. प्लूटोच्या वाटेत इतर बरेच गोळे आहेत, म्हणून तो आता बटुग्रह.

हे मी शिकवत होते, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. ऊसतोडीच्या दिवसांत महिना महिना शाळेत नसते, पण आली की प्रश्न विचारते. "मॅडम, वाटंत दुसरे हायेत ह्यात त्याची काय चूक? त्यो तर हुता तसाच हाय ना? अन् बटुग्रह म्हंजे ग्रहच की." मी जोरात म्हणाले, "परीक्षेत आठ लिहायचे. बस खाली." ती बसली. तास संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

तुम्ही मला असं खाली बसवलं नव्हतं. शेवगावजवळच्या त्या वास्तुशांतीला मी तुमच्याबरोबर आले होते, सातवीत होते. नवं घर, चुन्याचा वास, ओसरीवर दाटीवाटीनं बसलेले पाहुणे. तुम्ही तांदळाच्या नऊ ढिगल्या करून त्यांवर सुपाऱ्या ठेवताय आणि यजमानाला सांगताय, हा सूर्य, हा चंद्र. मी मध्येच म्हणते, "अण्णा, सूर्य ग्रह नाही, तारा आहे. चंद्रपण ग्रह नाही. आणि राहू-केतू तर नाहीतच." मग यजमान हसतो, "गुरुजी, पोरगी लई हुशार हाय तुमची!" आणि सगळी ओसरी हसते. तुम्ही हातातली सुपारी हळूच ठेवलीत आणि पुढचा मंत्र सुरू केलात. त्या घरच्या लग्नाला नंतर दुसरे गुरुजी आले.

परतताना एसटीची वाट पाहत होतो. तुम्ही विचारलंत, "तुझ्या पुस्तकात किती ग्रह?"

"नऊ."

"माझेही नऊच."

"पण तुमचे चुकीचे आहेत."

तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "ग्रह म्हणजे धरणारा. माणसाला जो धरतो तो ग्रह. सूर्य धरत नाही म्हणतेस? चैत्रात दुपारी शेतात उभी राहून बघ." पुढच्या आठवड्यात तुम्ही नगरहून सूर्यमालेचा तक्ता आणलात आणि स्वयंपाकघरात, मी जेवायला बसायचे तिथे समोर, स्वतः खिळे ठोकून लावलात.

आता वाचते तर कळतं, प्लूटोचा तो निर्णय सभेत हात वर करून झाला, आणि काही शास्त्रज्ञांना तो अजून मान्य नाही. मग मी त्या ओसरीवर नक्की काय खरं बोलले होते? राहू-केतू आकाशात कुठे दिसत नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण ग्रह कुणाला म्हणायचं हे आकाशात लिहिलेलं असतं, असं तेव्हा वाटायचं. तसं नसेल तर ते कुणी ठरवायचं, आणि त्या मुलीला उद्या मी काय सांगू? तुमचं बरोबर होतं असं म्हणवत नाही. माझं बरोबर होतं, असंही आता छातीठोक सांगता येत नाही. चार वेळा हा कागद खोडला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. सूर्य तारा आहे हे आम्हाला त्या दिवसाच्या कितीतरी आधी शिकवलं होतं. घरी, तुम्ही एकटे असताना, मला कधीही सांगता आलं असतं. मी ओसरी भरायची वाट पाहिली.