लिलावातल्या पुस्तकाचं एक पान

सर, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि माझा राग अजून गेलेला नाही. तो जावा म्हणूनही हे लिहीत नाही. वय झालं, तरी सुईत दोरा एका दमात ओवते, तसंच हेही एका दमात लिहून टाकणार आहे. मध्ये बोलू नका. तुम्हाला मध्ये बोलायची फार सवय होती.

नगरला आमच्या पिंजाऱ्याच्या दुकानात तुम्ही पहिल्यांदा आलात ते गादीचा कापूस पिंजून घ्यायला. अब्बा पिंजत होते, दुकानभर कापूस उडत होता आणि मी कोपऱ्यात बसून पुडीचा कागद वाचत होते. तुम्ही तो माझ्या हातातून घेतलात आणि उलटा करून परत दिलात. मी सुलटा केला आणि पुढे वाचू लागले. तेवढ्यावर तुम्ही अब्बांना म्हणालात, "ही मुलगी गाद्यांना टाके घालायला जन्मलेली नाही. हिला शाळेत घाला." अब्बा हसण्यावारी नेत राहिले, तुम्ही पुन्हा पुन्हा येत राहिलात, आणि शेवटी त्यांनी मान डोलावली. म्हणजे सुरुवात तुम्ही केलीत. मी मागायला आले नव्हते. माझा सगळा राग यावरच उभा आहे.

मॅट्रिकच्या वर्गात शुक्रवारी शेवटच्या तासाला तुम्ही ते इंग्रजी पुस्तक काढायचात. भिंगारच्या कॅम्पात कुणा गोऱ्या साहेबाचं सामान लिलावात निघालं तेव्हा घेतलेलं, पुठ्ठा गेलेला, पहिली पानंही गेलेली. तुम्ही एकेक वाक्य वाचताय आणि मराठीत सांगताय. एका हुशार तरुणाला जीव कसा येतो ते जाणून घ्यायचं आहे. त्यापायी तो घरदार विसरतो, मेलेल्यांच्या देहांचे तुकडे जोडून एक माणूस उभा करतो, आणि त्या माणसानं डोळे उघडताच त्याचं रूप बघून पळून जातो. सगळा वर्ग शहारलेला. मला मात्र भ्यायचं काही दिसेना. मेलेल्यांची लुगडी आणि धोतरं जोडून अंगावर घ्यायची गोधडी करणं हे आमच्या घरचं रोजचं काम. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, हा पळून गेल्यावर त्याला खायला कुणी घातलं?"

वर्ग खो खो हसला. तुम्ही हसला नाहीत, चिडलात. "खाण्याचा प्रश्न नाही इथे, हव्यासाचा आहे. माणसानं किती जाणावं याला मर्यादा असते. बस खाली." मी बसले. पण मी तसं का विचारलं, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. आमची अम्मा गोधडीच्या तीन बाजू शिवून झाल्या की चौथी बंद करायच्या आधी एका कोपऱ्यात चिमूटभर ज्वारी सोडायची. गिऱ्हाईक कोणी का असेना. "पोट भरल्याबिगर तिला दारातनं भायेर धाडू न्हाई," असं म्हणायची. चिंध्यांच्या गोधडीला आमच्यात एवढा मान, आणि तुमच्या त्या विद्वानाला स्वतः जिवंत केलेल्या माणसापुढे भाकरीचा तुकडा ठेवावासा वाटला नाही. तुम्हाला त्यात फक्त हव्यास दिसला.

मॅट्रिकचा निकाल लागला. शास्त्रात मी वर्गात पहिली. मला पुण्याला जायचं होतं, डॉक्टर व्हायचं होतं, आणि ते स्वप्नही तुम्हीच माझ्या डोक्यात भरवलेलं. वाचायला दिलेलं ते पुस्तक परत करायला म्हणून मी अब्बांबरोबर तुमच्या ओसरीवर आले. अब्बांनी टोपी काढून हातात धरली होती. म्हणाले, "सर, तुमी शिकवली, आता तुमीच सांगा. तुमी व्हय म्हनला तर धाडतो, न्हाई म्हनला तर ऱ्हाऊ द्या." सगळं तुमच्या एका शब्दावर होतं. गल्लीत लोक काय काय बोलू लागले होते ते मलाही ठाऊक होतं. मास्तरांना पिंजाऱ्याच्या पोरीचा एवढा कळवळा कशाला, असं. दिवसही वाईट होते, हिंदू-मुसलमानांत आज शेजारी बसणारा उद्या ओळख देईना. हे सगळं तुम्ही अब्बांना सरळ सांगितलं असतंत तर मी तुम्हाला माफ केलं असतं. तुम्ही पुस्तकाकडे बोट दाखवलंत. "त्या तरुणाचं काय झालं ते वाचलंस ना, पोरी? झालं एवढं पुरे. जास्त जाणायची हाव माणसाला सुखानं जगू देत नाही."

त्याच आठवड्यात तुम्ही मामलेदारांच्या मुलाला पुण्याच्या कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहून दिलंत. त्याला हाव नव्हती वाटतं. सर, इतकी वर्षं एका पुस्तकावर शिकवलंत आणि तुम्हाला ते कळलंच नाही. जाणून घेणं हा त्या तरुणाचा गुन्हा नव्हताच. डोळे उघडून समोर उभ्या राहिलेल्याला टाकून तो पळाला, हा गुन्हा. तुम्हीही तेच केलंत, आणि वर उपदेश मला केलात. पुढे सगळा जन्म मी त्याच दुकानात टाके घातले. वाईट गेलं असं नाही, पण ते मी निवडलेलं नव्हतं. घरात कुणी आजारी पडलं, डॉक्टर आले आणि त्यांनी बॅग उघडली, की मला तुम्ही आठवता.

आता एक गोष्ट, जी मी अम्मालाही सांगितली नाही. ते पुस्तक परत करायच्या आदल्या दिवशी मी त्यातलं एक पान फाडून घेतलं होतं. तो टाकलेला माणूस आपल्या निर्मात्याला पहिल्यांदा गाठतो आणि म्हणतो की मला तू केलंस, आता निदान माझं म्हणणं ऐकून घे, ते पान. मला ते जवळ हवं होतं, एवढंच. पण तुमच्या ओसरीवरून परतले तेव्हा तुम्ही शिवायला दिलेली, तुमच्या आईच्या लुगड्यांची गोधडी माझ्यासमोर होती, तीन बाजू शिवून झालेली. मी त्या पानाची घडी केली आणि कोपऱ्यात सरकवली. पुढे एकदा तुम्ही अम्माला म्हणालात, की एका कोपऱ्यात काहीतरी कुरकुरतं. अम्मा म्हणाली, "ज्वारी आसंल, सर. पोट भरलंय तिचं."

काही वर्षांनी तुम्ही दुकानात आलात. केस पिकले होते. विचारलंत, "पुस्तक तुझ्याकडे होतं तेव्हा ते पान होतं का गं? दुसरी प्रत मिळत नाही. वर्गात तेवढं सोडून पुढे जावं लागतं." मी म्हणाले, मला आठवत नाही. म्हणजे तुमच्यानंतरच्या सगळ्या वर्गांनी हव्यासाची गोष्ट ऐकली आणि त्या बिचाऱ्याचं म्हणणं कुणीच ऐकलं नाही. ते माझ्यामुळे. तुम्ही गेलात तेव्हा अंगावर तीच गोधडी होती, असं तुमच्या सूनबाई सांगत होत्या.

हे पत्र कुठे धाडणार? घडी करून सुया-दोऱ्यांच्या डब्यात ठेवते. राग आहे तेवढाच आहे, सर, पण एक राहिलं. ते पान सरकवलं त्या दिवशी अम्मानं माझ्या हातावर ज्वारी ठेवली होती. ती मी परत ज्वारीच्या डब्यात टाकली आणि तुमची गोधडी उपाशी धाडली.