ताईच्या मागच्या खोल्यांचा तारांकित प्रश्न

बोरिवली,
गुरुवार, संध्याकाळ

तीर्थस्वरूप रुक्मिणीताईस,

धाकट्या चंदूचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. मंगळवारपासून माझी मान वर होत नाहीये.)

इकडे सर्व खुशाल, म्हणजे निदान अक्षता आणि मुलं तरी. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? नसेल तर अडुळसा दे आणि हे पत्र वाचून होईपर्यंत त्यांना कसल्या तरी कामाला जेट्टीवर पाठवून दे. तूही आधी खाली बस. बातमी तुझ्या मागच्या दोन खोल्यांची आहे, शनिवार-रविवार पाहुण्यांना भाड्याने देतेस त्या. त्यांच्यावर गंडांतर आलं आहे, आणि ते आणणारा माणूस मी आहे. हे सुरुवातीलाच लिहून टाकलं, कारण तुला कुठल्याही पत्राचा शेवट आधी वाचायची खोड आहे आणि मग मधलं तू वाचत नाहीस. मधलं वाच, ताई. माझी बाजू तिथेच आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोन केला असता तर तूच बोलली असतीस. सभागृहात अध्यक्ष निदान घंटा तरी वाजवतात, तुझ्यापुढे घंटा कोण वाजवणार? म्हणून पत्र लिहून ते प्रीतमच्या हाती मार्व्याच्या बोटीने पाठवतो आहे. (प्रीतम म्हणजे माझा पीए, मागच्या खेपेला तुझ्याकडची सगळी सोलकढी संपवून गेलेला. या वेळी त्याला पाणीसुद्धा मोजून दे. हे सगळं त्याच्या डोक्यातून निघालं.)

तुला वाटतं, तुझा भाऊ आमदार झाला म्हणजे रोज उठून भाषण ठोकत असेल. अगं, पुढच्या रांगेत मंत्री बसतात, त्यांच्या मागे मंत्री होऊ घातलेले, त्यांच्या मागे मंत्री केलं नाही म्हणून रुसलेले, आणि मग आम्ही. आम्हाला काम एकच. आपल्या बाजूचा कोणी तावातावाने बोलला की बाक वाजवायचा आणि समोरचा बोलायला लागला की गलका करायचा. सभागृहाच्या कामकाजाचा छापील वृत्तान्त निघतो, त्यात भाषणांच्या मध्ये कंसात 'अडथळा' असं छापलेलं असतं. त्या अडथळ्यात मी आहे. (अक्षताने एकदा हौसेने विचारलं होतं, यात तुमचं नाव कुठे आहे? मी तो कंस दाखवला. तिने पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं, ते अजून तिथेच आहे.)

निवडून आल्यापासून हे सुखाने चाललं होतं. मागच्या महिन्यात एका संस्थेने सगळ्या आमदारांचं प्रगतिपुस्तक छापलं आणि माझी वाट लागली. माझ्या नावापुढे प्रश्न, निरंक, भाषणं, निरंक, उपस्थिती मात्र उत्कृष्ट. हे उत्कृष्ट सगळ्यात वाईट. त्याचा अर्थ असा होतो की हा इसम रोज येतो आणि काहीही करत नाही. दुसऱ्या दिवशी विरोधकांनी स्टेशनबाहेर बॅनर लावला, त्यावर माझा फोटो आणि तोंडाला कुलूप. (फोटो चांगला होता, हे मी कोणाला बोललो नाही.) मग पक्षातल्या वरिष्ठांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते फार गोड आवाजात म्हणाले, चंद्रप्रकाशजी, काहीतरी बोलत जा हो. त्या 'हो'ने माझी रात्रीची झोप गेली, कारण ज्यांना पुढच्या वेळी तिकीट द्यायचं नसतं त्यांच्याशीच ते असं गोड बोलतात.

तेव्हा प्रीतमने उपाय काढला. आमच्याकडे अशी पद्धत आहे की प्रश्न एक आमदार तयार करतो आणि त्याखाली बाकीचे सह्या करतात. प्रश्न प्रत्येकाच्या खाती जमा. सोसायटीतल्या लग्नात सगळ्या मजल्यांनी मिळून एक कुकर द्यावा आणि चिठ्ठीवर सगळ्यांची नावं घालावीत, तसं. मी कॅन्टीनमध्ये ठाण मांडलं आणि समोरून जो कोणी कागद घेऊन जाईल त्याला हाक मारून सही ठोकली. बिबटे, शाळेतली खिचडी, कधी न पाहिलेल्या तालुक्यातला कधी न झालेला बंधारा, मी सगळीकडे आहे. वाचलं एकही नाही. वाचत बसलो असतो तर सह्या कमी झाल्या असत्या. या प्रश्नांची भाषा ठरलेली असते, अमुक झाले हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. आणि मंत्र्यांचं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं, 'हे अंशतः खरे आहे.' घरात याची साथ आली आहे. अक्षता स्वयंपाकघरातून विचारते, दळण अद्याप आणलेले नाही, हे खरे आहे काय? मी म्हणतो, अंशतः खरे आहे. कारण डबा मी गिरणीत नेऊन ठेवलेला असतो, आणायचा तेवढा राहिलेला असतो.

आता मंगळवार. प्रश्नोत्तराचा तास चालू होता आणि मी दुसरा चहा घ्यावा की नाही या विचारात होतो. अध्यक्षांनी एक प्रश्न पुकारला. पहिली सही ज्याची, तो मुलुंडला मुलीच्या हळदीला गेलेला. दुसरा फोन घ्यायला बाहेर. तिसरा लॉबीत टीव्हीवाल्यांशी बोलत होता. अध्यक्ष एकेक नाव घेत खाली आले आणि माझं नाव घेतलं. मला वाटलं, आपल्या नावाचं आणखी कोणी असेल. तेवढ्यात शेजारच्या भीमराजने (घाटकोपरचा, आमच्या रांगेतलं जुनं खोड) मागून माझा सदरा ओढला आणि कुजबुजला, "अरे उठ ना, नुसता नंबर वाच." मी नंबर वाचला. आवाज भलत्याच कोणाचा तरी आला. मंत्री म्हणाले, हे अंशतः खरे आहे. तिथेच खाली बसलो असतो तर आज तुला हे पत्र आलं नसतं. पण भीमराजने पुन्हा सदरा ओढला. "उपप्रश्न विचार यार, तोपण मोजतात!"

उपप्रश्न म्हणजे मंत्र्यांचं उत्तर ऐकून सुचलेला पुढचा प्रश्न. मला काहीही सुचलेलं नव्हतं. विषय काय आहे तेही धड कळलं नव्हतं. 'मौजे मनोरी' एवढं कानावर पडलं होतं आणि त्याने उलट धीर आला होता, म्हटलं आपल्या ताईचं गाव, शकुन चांगला आहे. मग इतकी वर्षं मागे बसून इतरांची जी वाक्यं ऐकली ती सगळी एका दमात बाहेर पडली. अध्यक्ष महाराज, हा अत्यंत गंभीर विषय आहे, यात संगनमत आहे, कारवाई कधी करणार ते आजच्या आज सांगा, आणि मी स्वतः हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे! हे शेवटचं वाक्य सगळेच म्हणतात, ताई. कोणीही काहीही पाहिलेलं नसतं. माझं नशीब असं की मी पाहिलेलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी वडे-सागुती जेवून तुझ्या त्या नव्या खोलीत मी संध्याकाळपर्यंत घोरत होतो.

मंत्री एरवी 'तपासून पाहू' म्हणून मोकळे होतात. पण मला बोलताना बघून त्यांनाही उमाळा आला असावा. ते म्हणाले, सन्माननीय सदस्यांनी स्वतः पाहिलं आहे, तर येत्या शनिवारी त्यांच्याच उपस्थितीत पाहणी करू आणि त्यांनी पाहिलेल्या बांधकामापासूनच सुरुवात करू. सगळ्यांनी बाक वाजवले. माझ्यासाठी, ताई! आयुष्यात पहिल्यांदा! खोटं कशाला बोलू, मी हात जोडून चारी बाजूंना बघितलं आणि मला फार म्हणजे फार बरं वाटलं. मग बसलो, चष्मा लावला आणि प्रश्न वाचला. किनाऱ्यालगत विनापरवाना बांधून पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्या. भीमराज म्हणतो, तू पांढरा पडलास तेव्हा मला वाटलं आनंदाने पडलास.

आणि तिकडे तू काय करत होतीस? कोणीतरी तुला ती क्लिप पाठवली. तू ती स्टेटसला ठेवलीस. मला आवाज पाठवलास, "मेल्या, बोललंस रे बाबा एकदाचो!" आणि मागे भाऊजी खोकत खोकत टाळ्या वाजवत होते. तेवढ्यावर न थांबता घरातलं सगळं खाजं काढून गल्लीभर वाटलंस. ताई, मी काय बोललो ते तू ऐकलंस का गं? तू फक्त मी बोललो एवढंच ऐकलंस. तुझ्या त्या गल्लीत प्रत्येकाने मागे एकेक खोली काढलेली आहे. ज्यांच्या खोल्या मी मोजायला येणार आहे त्या सगळ्यांनी माझ्या नावाने खाजं खाल्लं, आणि फिलोमिनाबाईंनी तर दोनदा मागून घेतलं असंही तूच कौतुकाने सांगितलंस. तो आवाज मी तीनदा ऐकला आणि तिन्ही वेळा मला रडू आलं.

गेल्या दोन दिवसांत मी काही केलं नाही असं समजू नकोस. बुधवारी मंत्र्यांकडे गेलो, पाहणी रद्द करता येईल का विचारायला. मी तोंड उघडण्याआधी त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारून तुमच्यासारखे अभ्यासू सदस्य हवेत असं म्हटलं आणि मला चहा पाजून परत पाठवलं. भीमराज म्हणतो, ताप आण. प्रीतम म्हणतो, मोजणी जेट्टीकडून सुरू करायची, तुमच्या ताईंच्या घरापर्यंत येईस्तोवर साहेबांना परतीच्या बोटीची घाई होईल. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही करवत नाही. भाऊजींची कंपनी बंद पडल्यावर घर त्या दोन खोल्यांवर चाललंय, सईच्या कॉलेजसकट, हे मला माहीत नाही का? त्यातली एक तर जुनी पडवीच आहे, भिंत घातलेली. दुसरी मात्र नवी. म्हणजे तुझं बांधकाम बेकायदेशीर आहे हे अंशतः खरे आहे. हसू नकोस. मला हल्ली दुसरं काही बोलता येत नाही.

तसं ते कधी येत होतं म्हणा. चाळीत पाहुणे यायचे, बाळ तुझं नाव काय म्हणून मला विचारायचे आणि आतून तू ओरडायचीस, चंद्रप्रकाश, दुसरीत आहे, गणितात कच्चा आहे. अक्षताला बघायला गेलो तेव्हा तिच्या बाबांनी मला विचारलं, मुलगी पसंत आहे का, आणि पसंत आहे हे तू सांगून टाकलंस. (होती, म्हणून निभावलं.) निवडणुकीत मी हात जोडून पुढे चालायचो आणि मागून प्रत्येक दाराशी बोलायचीस तू. लोकांनी मत तुलाच दिलंय, मी फक्त जाऊन बसलो. म्हणूनच मंगळवारी वाटलं होतं, निदान हे एक तरी आपण ताईशिवाय केलं. तर ते नेमकं तुझ्याच डोक्यावर.

असो. शनिवारी सकाळच्या बोटीने येतो. माणसं बरीच असतील. जमल्यास सर्वांना चहा कर, न जमल्यास मला तरी घोटभर दे. भाऊजींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
चंदू

ता. क. मुख्य काम लिहायचं राहिलं. नव्या खोलीच्या दाराशेजारी भाऊजींनी जी संगमरवरी पाटी बसवली आहे, 'मा. आमदार श्री. चंद्रप्रकाश घाडीगावकर यांच्या शुभहस्ते उद्घाटन', ती शनिवारच्या आत काढ. आमदाराचं नाव भिंतीवर असलं की हात लावायची कोणाची छाती होणार नाही, असं ते तेव्हा म्हणाले होते. आता पहिला हात लावायला मीच येतोय. कृपा करून काढ. खोल्यांचं आपण नंतर बघू.

ता. क. दुसरा. पाटी निघत नसेल (भाऊजींनी सगळ्या बांधकामात सिमेंट कुठे मनापासून वापरलं असेल तर तिथेच), तर वरून गोधडी वाळत घाल. बोंबील घालू नकोस. साहेबांपैकी कोणी खाणारा निघाला तर जवळ येऊन हुंगेल.

ता. क. तिसरा. पाकिटाला गोंद लावत होतो, तेवढ्यात प्रीतमने तुझ्या स्टेटसचा दुसरा फोटो दाखवला. तू खाज्याचा डबा घेऊन त्या पाटीशेजारी उभी आहेस, खाली लिहिलंयस 'माझ्या भावाने उघडलेली खोली'. मंत्र्यांच्या पीएने त्यावर अंगठा दिला आहे. त्याच्याकडे तुझा नंबर कसा, तर गेल्या डिसेंबरात तो त्याच खोलीत बायको-मुलांसह दोन दिवस राहून गेला, माशाचं कालवण झकास होतं म्हणाला. तेव्हा पाटी काढू नकोस आणि गोधडीही नको. वरचे दोन्ही ता. क. रद्द समज.

ता. क. शेवटचा. मघापासून पत्र हातात घेऊन बसलोय. ताई, शनिवारी ते विचारतील, ही पाटी कोणाची, ही खोली कधीची. तू तोंड उघडू नकोस. आयुष्यात एवढं एकदाच ऐक. माझं नाव, माझी इयत्ता, माझी पसंती, सगळं तू सांगितलंस. हे मी सांगतो. पडवी जुनी आहे, खोली नवी आहे आणि नारळ मी फोडला. पडवी वाचवायची आहे, आणि ती वाचवायची तर खोलीचं खरं बोलावं लागेल, नाहीतर पडवी जुनी आहे यावर कोण विश्वास ठेवील? तिकिटाचं जे व्हायचं ते होईल. तू फक्त माझ्या मागे उभी राहा, आणि मी फारच वेळ गप्प राहिलो तर सदरा ओढ.