लाईट गेल्यावर पहिलीचा वर्ग

भिवंडी,
रविवार, १८ ऑगस्ट १९९१

ती. दौलतमामांना,

कमळचा वाकून जय भीम. तुमचा गुडघा कसा आहे? मामी सांगत होती की तुम्ही रोज वज्रेश्वरीच्या गरम कुंडात पाय सोडून बसता आणि आल्यागेल्याला तोच उपाय सांगता. आईनं तुमच्यासाठी सुकट काढून ठेवली आहे. इकडे सगळे मजेत (सगळे म्हणजे मी सोडून, पण ते पुढे येईल). माझं शुद्धलेखन बघू नका. बारावीपर्यंत इंग्लिश मीडियम, त्यात मराठीत पत्र लिहायची ही दुसरीच वेळ. पहिलं तुम्हीच लाल पेनानं तपासून परत पाठवलं होतं.

जूनपासून मी आमच्या घरामागच्या शाळेत पहिलीला शिकवते हे तुम्हाला माहीत आहे. हौसाबाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, त्यांच्या जागी. मला लहान मुलांचीच टीचर व्हायचंय, हे मी चौथीपासून सांगत आले. दादा म्हणतात, पोरीला एवढं इंग्लिश शिकवलं ते दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायला काय. शेवटी त्यांनी अट घातली. हेडमास्तर केसरीनाथ सर माझा एक पाठ बघतील. त्यांनी वहीत चांगला शेरा दिला तर पुढच्या वर्षी डी.एड.चा फॉर्म. नाहीतर तुम्ही शब्द टाकून ठेवलेल्या काल्हेरच्या गोडाऊनमध्ये एक तारखेपासून टेबलावर बसायचं.

आता माझी कर्मकहाणी ऐका. आमच्या इंग्लिश शाळेत एक मिस होत्या, त्या कधीच आवाज चढवायच्या नाहीत, आणि त्या जितकं हळू बोलायच्या तितकं आम्ही गप्प बसायचो. मी ठरवलं होतं की आपण तसंच बोलायचं. पण इथं वर्गात बासष्ट मुलं आणि भिंतीपलीकडे कापडाचे चोवीस लूम, विजेवर दिवसभर खडखडणारे. पहिले दोन दिवस मी काय शिकवलं ते फक्त मला ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी चंपा नावाच्या मुलीची आजी ठकुबाई आल्याचा काढा घेऊन दारात उभी. चंपानं घरी सांगितलं होतं की नवीन बाई लई आजारी हाय. मी आजारी नाही म्हटल्यावर म्हातारीनं आणखी हळहळून विचारलं, मग घरात कोण वारलं काय, कारण त्यांच्यात एवढं हळू मयताच्या घरीच बोलतात. काढा मला प्यावाच लागला. तेव्हापासून मी ओरडूनच शिकवते. (आता मी घरात मीठ मागितलं तर शेजारचे पण घेऊन येतात.)

पण खरी गंमत लाईटची. एका दुपारी लाईट गेली, लूम बंद पडले, आणि एवढी शांतता झाली की मला वाटलं आता आपण मिससारखं बोलून दाखवू. तोंड उघडेपर्यंत वर्ग रिकामा. मी दारात हात पसरून उभी राहिले तर अर्धे माझ्या हाताखालून गेले. दुसऱ्या दिवशी मी चंपाला पकडून रागावले. ती माझ्याकडं असं बघायला लागली, जसं मलाच पहिली इयत्ता समजत नाही.

"बाई, बाबा मी उठायच्या आधी लूमवर ड्युटीला जातो. येतो तवा मी झोपलेली. लाईट गेली की भेटतो."

मी म्हटलं, शुक्रवारी लूमला सुट्टी असते ना. ती म्हणाली, "शुक्रवारी निस्ता झोपतो."

मामा, त्यानंतर मी काय रागावणार? मी मुलांशी ठरवलं की लाईट गेली की जायचं, आणि लूम सुरू झाले की परत यायचं. जायचं सगळ्यांना बरोबर समजलं. परत यायचे तीस, कधी पस्तीस.

आणि बुधवारी सर मागच्या बाकावर वही घेऊन बसले, माझा चिंचोक्यांच्या बेरजेचा पाठ रंगात आला, आणि लाईट गेली. बासष्ट मुलं उभी राहिली, पण एकही हललं नाही. सगळे माझ्याकडं बघत होते, कारण सर बसलेले. मला काल्हेरचं टेबल दिसलं. खरं सांगते, एक मिनिट मला "बसा" म्हणायचं होतं. मग मी दारातून बाजूला झाले.

सर म्हणाले, "बाई, वर्ग गेला."

"हो सर. येतील."

"नाही आले तर?"

चाळीस मिनिटं आम्ही दोघं रिकाम्या वर्गात. सर आधी रागात बसले, मग खिडकीशी गेले. खाली लूमच्या पायरीवर चंपाचा बाबा, केसात सगळा कापूस, तिची पाटी मांडीवर घेऊन बोटानं काहीतरी मोजत होता. सर बराच वेळ तिथंच होते. मग ते खाली बसले आणि मुलांनी टाकून दिलेल्या चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग लावायला लागले. मी पण लावले.

लूम सुरू झाले. मी दारात उभी राहून मोजत होते. तीस. पस्तीस. पन्नास. साठ. बासष्ट. आणि मग त्रेसष्ट, चौसष्ट. एक चंपाचा धाकटा भाऊ, चड्डी नसलेला. दुसरा कोणाचा ते शाळा सुटेपर्यंत कळलं नाही, पण त्याला बेरीज येत होती.

सरांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: "वर्गावर नियंत्रण नाही." दुसरी: "न बोलावता वर्ग पूर्ण परत आला. बाईंना सोडू नये." दादांनी पहिली ओळ वाचली आणि वही मिटली.

मामीला नमस्कार. गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची,
कमळ

ता. क. दादा माझं ऐकत नाहीत, आईचं ऐकून न ऐकल्यासारखं करतात, तुम्हाला मात्र घाबरतात. येत्या रविवारी येऊन त्यांना दुसरी ओळ मोठ्यानं वाचून दाखवाल का? चष्मा आणा, सरांचं अक्षर बारीक आहे.

ता. क. २. काल मी काल्हेरला जाऊन गोडाऊनच्या शेठना सांगून आले की मी येणार नाही, आमच्या मामांचंच मत बदललंय. ते म्हणाले, दौलतराव कधी मत बदलत नाहीत. तेव्हा येताना कृपया बदलून या.