जगभर टाचण्या

३ मार्च
आज आणखी सात टाचण्या! सरांच्या शोधनिबंधाचा जगात कुठेही उल्लेख झाला, की नकाशात त्या गावी लाल टाचणी टोचायची — हे माझं काम. एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा, आणि साध्या खोलीत त्यातून वीज जराही वाया न जाता वाहते म्हणे. मला दहावीपलीकडचं कळत नाही. पण गाव चुकवत नाही. सर म्हणाले, "नकाशा भरू दे. मी संचालक झालो, की तू कायम."
आईला सांगितलं. "आधी हुकूम हातात पडू दे," म्हणाली.

७ मार्च
एक टाचणी भर समुद्रात दिसली! घाम फुटला. नीट पाहिलं — बेट होतं.

११ मार्च
परदेशी पाहुणे आले. नकाशात स्वतःच्या गावावर बोट ठेवून खो खो हसले. सरही हसले. प्रयोगशाळेतल्या ताईंना विचारलं, काय म्हणाले?
"म्हणाले, आम्ही तर लिहिलंय की असं काही होतच नाही!"
"आणि बाकीचे?"
"अरे वेड्या, तेही तेच लिहितात. एकाला जमेना म्हणून दुसऱ्याने करून पाहिलं, त्यालाही जमेना. त्याशिवाय का जग भरलं?"


१२ मार्च
सरांना भीतभीत विचारलं — नाही म्हणणारे लाल राहू देत, हो म्हणणाऱ्यांना हिरवी लावू? सरांनी फायलीतून मान वर केली नाही. "लाव, लाव. शोभा येईल."
हिरव्या टाचण्यांचं पाकीट आणलं.

१४ मार्च
ताई एकेक निबंध चाळून सांगत गेल्या. लाल. लाल. पुन्हा लाल. शेवटी एक हिरवी निघाली! टोचली — आमच्याच गावावर. सरांचाच दुसरा निबंध.
उद्या निवड समिती. परत सगळ्या लाल करू? पण खोटं टोचायला हात धजत नाही. नोकरी गेली तर आईला कोणत्या तोंडाने सांगू?

१५ मार्च
समिती नकाशापुढे उभी. मी पालीसारखा भिंतीला चिकटून. अध्यक्ष म्हणाले, "वा! हिरवं ते मूळ, आणि बाकी सगळा विस्तार! एका दृष्टिक्षेपात कळतं." सरांनी नम्रपणे मान खाली घातली. ताईंना खोकला आला.

१८ मार्च
सर संचालक. मी कायम! आई हुकूम दोनदा वाचून रडली.
उरलेल्या हिरव्या परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, "एकच वापरली? बदल्यात लाल देऊ?"
घेतल्या.