सोनिवलीचं अभिजात अंडं

सोनिवली, बदलापूर
मार्गशीर्षातला दुसरा शुक्रवार

तीर्थस्वरूप भागीरथीआत्येस, हरिचंद्राने वाकून केलेला नमस्कार पोचावा.

तुझे गुडघे कसे आहेत? भात झोडून झालं का? त्या दोन कोंबड्या खुडूक बसल्या होत्या, त्या उठल्या का? इकडे आम्ही मजेत. मजेत म्हणजे काय, आत्या, तुझा भाचा जिंकला!

पण पहिल्यापासून सांगतो. आमच्या सोसायटीच्या गेटजवळ एक खोली आहे. तिच्यात दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत आणि ती मी सांभाळतो. एमआयडीसीतून रिटायर झाल्यावर माणसाला जायला एक जागा लागते, नाहीतर तो बायकोला भाकऱ्या कशा थापायच्या ते शिकवायला लागतो (हे वाक्य तुळशीचं). ती खोली आमच्या सेक्रेटरीला, त्या जितेशला, लोकांची पार्सलं ठेवायला हवी होती. म्हणे वर्षभरात सातच माणसांनी पुस्तकं नेली. नऊ! दोघं परत आणून द्यायचं विसरले, एवढंच. शेवटी ठरलं की मी एक कार्यक्रम करून दाखवायचा. लोक जमले तर खोली राहील, नाहीतर सोमवारी कपाटं भंगारात. खरं सांगतो, आत्या, त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही.

मराठी अभिजात झाल्यापासून त्या शब्दावाचून आमच्याकडे पान हलत नाही. म्हणून स्पर्धा ठेवली : अभिजात साहित्यातलं भय, अंड्यावर. (अंडंच का? तर अंबरनाथच्या भावना मॅडम परीक्षक होत्या आणि त्यांनी मोबाइलवर परदेशातली रंगवलेली अंडी पाहिली होती. परीक्षकापुढे कोणाचं चालतं?) मीही उतरलो. आयोजकाने भाग घेऊ नये असा नियम असतो, पण आमचे नियम मीच लिहिले होते.

मी जुन्या संस्कृत नाटकातलं स्मशान घेतलं. आता अडचण अशी की मार्गशीर्ष, घरात गुरुवारचा घट. अंडं उंबऱ्याच्या आत आणलंत तर तुमचंच विसर्जन करीन, असं तुळशीने बजावलं. म्हणून सगळी कला जिन्यात बसून करावी लागली. सुईने भोकं पाडून आतलं फुंकून काढलं (पहिली चार अंडी माझ्या शर्टावर). मग पिशाच्चाचे काळे डोळे, दात, लाल जीभ, खाली चिता. तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढलेला माणूस मी, दातांची रुंदीसुद्धा व्हर्नियरने मोजली. शनिवारी ते जिन्याच्या खिडकीत वाळत ठेवलं.

रविवारी सकाळी खाली ही बोंबाबोंब! अंडं थेट खोलीच्या पायरीवर, काळे डोळे वटारून. मॉर्निंग वॉकवाले लांबूनच परत फिरले होते, दूधवाला पिशव्या गेटवर टाकून पळाला होता, कोणी करणी म्हणत होतं, कोणी भानामती. जितेश तर गाडीतून उतरेचना. मी गर्दीतून वाट काढत गेलो आणि सरळ ते उचललं. बायका किंचाळल्या, आत्या! मी सांगितलं, अरे घाबरता काय, कला आहे ही, आणि ती माझी आहे. कोणीतरी कौतुकाने खाली आणून मांडलं असणार. वर हळदकुंकू वाहिलं होतं, शेजारी लिंबू ठेवलं होतं. लोक कलेचा मान राखतात, फक्त तोंडाने कबूल करत नाहीत. चार टाचण्याही टोचल्या होत्या. त्या मला सुचल्या नव्हत्या, पण शोभत होत्या. दवाने माझी लाल जीभ पार धुऊन गेली होती, तेही बरंच झालं, जरा भडक वाटत होती. वजन किंचित जास्त लागलं, पण तीन हात ऑइलपेंट म्हटल्यावर लागणारच.

संध्याकाळी कार्यक्रमाला दोन्ही विंगा लोटल्या! खुर्च्या पुरेनात. भावना मॅडमनी बाकीची अंडी हातात घेऊन पाहिली, माझं मात्र चार फुटांवरूनच पाहिलं आणि तिथूनच पहिला नंबर दिला. इतका जिवंत भयानक रस आपण आयुष्यात अनुभवला नाही, असं त्या माइकवरून म्हणाल्या. अंडं आता काचेच्या डब्यात, पुस्तकांच्या कपाटावर विराजमान आहे. सोमवारी मी जितेशला म्हटलं, ये, हलव कपाटं. तो दाराबाहेरूनच हात जोडून म्हणाला, काका, खोली तुमचीच. डोळ्यांत पाणी आलं गं माझ्या. पार्सलं हल्ली त्याच्या हॉलमध्ये असतात.

गुडघ्यांना तेल लाव आणि गावात सगळ्यांना ही बातमी दे.

तुझा विजयी भाचा,
हरिचंद्र

ता. क. बातमी इतक्यात कोणाला देऊ नकोस. काल जिना झाडताना तुळशीला खिडकीतल्या कुंडीमागे एक अंडं सापडलं. हलकं, पोकळ, लाल जीभ, दात सगळे एका मापाचे.

ता. क. दुसरा. म्हणजे ते पायरीवरचं कोणी, कोणासाठी ठेवलं होतं, देव जाणे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही, हे तुला ठाऊक आहेच. तरी तुमच्याकडच्या एखाद्या जाणत्या माणसाला सहज विचार, की असलं अंडं उचलून, चारचौघांत माझं माझं म्हणून सांगितलं असेल, तर पुढे काय करतात. फोन करू नकोस, तुळशी स्पीकरवर ठेवते. चिठ्ठीच पाठव. आणि उपाय असा विचार, की माझ्यावरचं उतरेल, पण खोलीवरचं तसंच राहील.