नकटा

प्रिय बारक्या,

आपल्याकडच्या ट्रकवाल्याने तुझा निरोप दिला. दादा तिकडे मजा मारतो आणि घरी छदाम पाठवत नाही, असं म्हणतोस म्हणे. ऐकून डोकं फिरलं. आधी नीट वाच, मग तोंड चालव.

इथे खाणीत पगार सरकारी पैशात होत नाही. कंपनीचं स्वतःचं नाणं आहे, पत्र्याचं, वर मालकाचं तोंड. ते ठोकायच्या मशीनवर मीच बसतो. म्हणजे बघ, दिवसभर नाणी पाडणारा मी आणि कंगालही मीच. साच्यात मालकाचं नाक झिजलंय, म्हणून सगळे त्या नाण्याला नकटा म्हणतात. नकटा चालतो फक्त कंपनीच्या दुकानात. फाटकाबाहेरच्या चहावालीला एकदा गजांतून दिला, तर तिने तो टेबलाच्या लंगड्या पायाखाली सारला आणि म्हणाली, बरं झालं, डुगडुगत होतं, आता चहाचे पैसे काढ.

त्यात मालक शहाणा. माणसं कुरकुरली की मला सांगतो, जास्त पाड. मी पाडतो, पगार वाढतो, सगळे खूश. दुकानात माल तेवढाच, मग दुकानदार भाव चढवतो. आणि शिव्या कुणाला, तर मला. जेवायला गेलो की म्हणतात, आले टाकसाळवाले, सरका. जसं काही त्यांचं मीठ मीच महाग केलं.

शेवटी आम्ही आपसात साबण चालवायला लागलो. न्हावी एक वडी घेतो, शिंपी अर्धी. साबण काही मशीनवर ठोकून वाढत नाही. पण आता साबणाने अंघोळच कुणी करत नाही, पैसा अंगाला चोळून कोण घालवेल? आमच्या खोलीत पाऊल टाकलंस तर वासानेच माघारी पळशील.

आठवतं, आपण बाटल्यांची बुचं घेऊन दुकान-दुकान खेळायचो? दुकानदार नेहमी तूच, आणि लबाड. आईने हाक मारली की बुचं तिथेच टाकून जेवायला पळायचो. इथे हाक मारायला कुणी नाही, त्यामुळे खेळ काही संपत नाही. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. दादा जाड झालाय म्हणून सांग.

आता मुद्द्याचं. आमचा मुकादम तिकडे माणसं भरायला निघालाय. खिशातून खऱ्या नोटा काढून दाखवेल, म्हणेल, तुझ्या दादाने बोलावलंय. मी बोलावलेलं नाही. भाऊ आणून दे, तुझे सगळे नकटे नोटांत बदलून देतो आणि घरी जाणाऱ्या गाडीत बसवतो, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, मला भाऊच नाही. तो नुसता हसला, आपलं घर त्याने पाहिलंय. ट्रकवाल्याला म्हटलं, मलाच घेऊन चल, तर म्हणतो, फाटकावर झडती असते, स्वेटरच्या बदल्यात पत्र जातं, माणूस जात नाही. तेव्हा स्वेटर गेला. माझं मी बघतो काय ते. पाकिटात एक नकटा ठेवलाय. आपल्या चौकातल्या चहावाल्याला तो दे आणि चहा माग. त्याने दिला, तर खुशाल ये.

तुझाच,
दादा