पंच्याखालचा सौदा

कोल्हार
सोमवार

प्रिय योगेश,

वरचा 'प्रिय' शाळेतल्या सवयीने पडला आहे, मनावर घेऊ नकोस. व्हॉट्सअॅपवर तुला मीच ब्लॉक केलंय आणि ते उघडायची माझी इच्छा नाही, म्हणून कागद घेतला. काम एकच आहे. नानांचा पंचा तुझ्याकडे आहे, बापाची तेवढीच खूण, तो पाठवून दे. आसारामच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठव, माझ्या नको. तुझ्या अक्षरातलं माझं नाव बघायची हौस मला उरलेली नाही. तू काय खातोस, कुठे राहतोस, आईची आठवण येते का, यातलं मी काहीही विचारलेलं नाही हे लक्षात घे.

पंचा तुझ्याकडे आहे हे मला आसारामकडूनच कळलं. आपला हा चुलतभाऊ अजून तुझे सगळे फोटो बघतो, त्याला स्वाभिमान म्हणून नाही. परवा त्याच्या मोबाईलच्या दुकानात चार्जर घ्यायला गेले तर त्याने कौतुकाने फोन माझ्यापुढे धरला. तुझा तेहेतिसावा वाढदिवस. कोथरूडमधलं ते खेळ खेळायचं कॅफे, टेबलावर वीस बाजूंच्या फाशाच्या आकाराचा केक, भोवती दहा-बारा वाढलेले घोडे, कुणाच्या डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं, कुणाच्या अंगावर चांदीच्या कागदाचं चिलखत, आणि मधोमध तू. एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. पण तुझ्या शेजारी एक मुलगी उभी आहे. डोक्याला फेटा, काजळाने काढलेली मिशी आणि खांद्यावर नानांचा लाल काठाचा पंचा, ज्याच्या कोपऱ्याला आईने केलेला रफूसुद्धा फोटोत दिसतो. खाली तू लिहिलंस, 'हिकमतराव दलाल अजून जिवंत आहेत.' मेल्या म्हशीला मणभर दूध. आसारामने सांगितलं की तिचं नाव रश्मी आणि ती गेलं वर्षभर तुमच्या खेळात हिकमतराव खेळते. नाव काही का असेना, आयत्या बिळावर नागोबा.

तुझ्या त्या मंडळींना तू काय सांगितलं आहेस देव जाणे, म्हणून खरं काय ते एकदा लिहून ठेवते. हिकमतराव तुझे नाहीत. तू बारावीत असताना त्या इंग्रजी खेळाच्या नियमांची झेरॉक्स कुठून तरी आणलीस आणि आठवडाभर डोकं खाल्लंस: सूत्रधाराने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी आपापलं पात्र खेळायचं, आणि पात्राचा डाव साधला की फसला हे फाशाने ठरवायचं. वीस बाजूंचा फासा कोल्हारात कुठला मिळायला. आपण हाऊजीच्या एक ते वीस सोंगट्या आईच्या बटव्यात घातल्या आणि हात घालून काढायला लागलो. तू सूत्रधार, मी तिरंदाज तारा, आसाराम उंदऱ्या चोर. राज्याचं नाव 'उलटी प्रवरा', कारण तिथे नदी डोंगराकडे वाहायची. हे नाव तुझ्या डोक्यातून निघालं होतं, ते मी नाकारत नाही. दर भाऊबीजेला ओवाळून झालं, जेवणं झाली की दुपारी आपण खेळायला बसायचो. माझं लग्न झालं तेव्हाही घर दोन गल्ल्यांवरच असल्याने हे चुकलं नाही. फक्त बैठक माझ्या घरी आली. आई शंकरपाळ्यांचा डबा आमच्यापुढे आदळायची आणि दरवर्षी तेच म्हणायची, की घोड्याएवढी झाली तरी यांची बाहुला-बाहुली संपत नाही.

तिसऱ्या वर्षी नाना येऊन बसले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस, उसाच्या गाड्यांशिवाय दुसरं काही बोलायचा नाही, तो म्हणाला की मलाही घ्या. तू त्यांना तलवार दिलीस, त्यांनी ती परत केली. त्यांना दलाल व्हायचं होतं, हिकमतराव हे नावही त्यांनीच ठेवलं. लहानपणी ते आजोबांबरोबर घोडेगावच्या बाजारात बैल घेऊन जायचे ना, तिथल्या दलालांचा पंच्याखालचा सौदा त्यांनी खेळात आणला. समोर राक्षस उभा राहिला की मी बाण काढायचे, आसाराम पळायची वाट शोधायचा, आणि नाना खांद्यावरचा पंचा काढून राक्षसापुढे, म्हणजे तुझ्यापुढे धरायचे. मग तुम्ही दोघं पंच्याखाली हात घालून बोटं दाबायचात. वर तोंडाने काय वाटेल ते चालायचं, आमची म्हैस म्हणजे साक्षात कामधेनू वगैरे. खरा आकडा खाली बोटांत. लंगड्या म्हशीच्या बदल्यात त्यांनी राक्षसाची गदा आणलेली मला आठवते. त्यांचे नियम दोन होते. पंच्याखाली खोटं नाही, आणि पंच्याखालचं बाहेर नाही. पुढे मलाही शिकवा म्हणून मी त्यांच्या किती मागे लागले, तर म्हणायचे, तुला नाही जमायचं, तुझं तोंड आणि बोटं एकच बोलतात. मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

आता ज्याबद्दल आपण कधीच बोललो नाही ते. नानांचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्यांचं रक्त मी माझ्या लॅबमध्ये स्वतः तपासलं. पुढे नगरला नेऊन स्कॅन केला. डॉक्टरांनी यकृताचं सांगितलं, थोडेच महिने म्हणाले, आणि ते नानांना सांगायचं का हे आपल्यावर सोडलं. मी ठरवलं की सांगायचं नाही. घरात थोरली मी, रोज त्यांच्याजवळ मी, रिपोर्ट वाचता येणारी मी. तुला फोनवर शपथ घातली, आईलाही घातली. साधी कावीळ आहे, पथ्य केलं की उतरेल, असं नानांना सांगितलं आणि तिसगावहून काविळीच्या पुड्या आणल्या, रंगीत पाणी द्यावं तशा. दिवाळीच्या आधी ते सारखं विचारायला लागले, काय म्हणतंय रक्त. तेव्हा मी आणखी एक गोष्ट केली, जी तुला माहीत नाही. लॅबच्या कागदावर त्यांच्या नावाचा रिपोर्ट छापला. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन अठरा होतं, मी अडीच लिहिलं. खाली सही केली, शिक्का मारला. चौदा वर्षांत एका पेशंटचा आकडा मी कधी बदलला नव्हता. नानांनी चष्मा लावून तो कागद वाचला, हसले, आणि म्हणाले, चला, म्हणजे दिवाळी गोड. मी स्वयंपाकघरात जाऊन पुऱ्या लाटायला बसले.

त्या भाऊबीजेची दुपार तुला विसरता येणार नाही. आपण नदीच्या उगमाशी पोचलो होतो, तेरा वर्षांचा खेळ जवळजवळ संपत आलेला. वेशीवर राखणदार, म्हणजे तू. मी बटव्यात हात घातला तेवढ्यात नाना लोडाला टेकलेले होते ते उठून बसले आणि त्यांनी पंचा तुझ्यापुढे धरला. राक्षसाशी बोलताना केवढी बडबड करणारा माणूस, त्या दिवशी तोंडातून अक्षर नाही. तुम्ही दोघं पंच्याखाली किती वेळ होतात. तुझं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं. मग नानांनी हात काढला, तुझ्या गालावर थोपटलं आणि म्हणाले, झाला सौदा. तू वही मिटलीस आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धूत बसलास. आसारामला वाटलं डाव संपला, त्याने शंकरपाळे संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गाडी पकडलीस आणि मी नानांकडे पुडी घेऊन गेले, तर त्यांनी माझा हात धरून शांतपणे सांगितलं की आता पुड्या बंद कर. मी काय ते समजले. नंतर एकोणीस दिवस. त्या एकोणीस दिवसांत मी तुझ्याशी एकदाही नीट बोलले नाही, कारण माझा हिशोब पक्का झाला होता: माणसाला कळलं, माणूस खचला, माणूस गेला. दहाव्याला घाटावर सगळी भाऊबंदकी ओले पंचे पिळत उभी असताना मी तुझ्यासमोर येऊन म्हणाले, "तू सांगितलंस म्हणून ते गेले. माझ्या बापाला तू मारलंस. भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नकोस." तू एक शब्द बोलला नाहीस. त्या गप्पपणाला मी कबुली धरलं. दोन भाऊबिजा झाल्या, तू आला नाहीस, आणि मी गावभर सांगते की भावाला पुणं गोड लागलं, बहिणीची आठवण राहिली नाही. तर ते असो. पंचा पाठवून दे.

गुरुवार

वरचं सगळं सोमवारी लिहून झालं होतं. पाकीट चिकटवण्याआधी आसारामकडून घेतलेला फोटो आईलाही दाखवावा म्हटलं, म्हणजे तीही चार शब्द ऐकवेल आणि मी ते खाली लिहीन. आईने फोन लांब धरून पाहिला आणि ती हसली. मिशी तुझ्या नानांपेक्षा हिला बरी शोभते, म्हणाली. मग मी जी भडकले ती थांबेचना. तुझ्यावर दोन वर्षांत साठलेलं सगळं तिच्यावर काढलं. तिने ऐकून घेतलं, भाजी निवडायची परात बाजूला सारली आणि म्हणाली, "तुझ्या कागदावरचा आकडा बघूनच त्यांनी वळखलं हुतं. मला म्हनले, तीस वर्सं काट्यावर काढली, हात लागलेला आकडा मला कळतो. पोरीला सांगू नको, तिनं लई जीव तोडून केलंय." एवढं सांगून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. थोड्या वेळाने तिने हेही सांगितलं, की त्या एकोणीस दिवसांत मी लॅबवर गेले असताना नानांनी आसारामचा टेम्पो बोलावला, तिला शेजारी बसवलं आणि घोडेगावच्या बाजारात जाऊन दोन तास बैल बघितले. दिवस मोजून माहीत होते म्हणून गेले, नाहीतर माझ्या पथ्यात अंथरुणावरच राहिले असते. जाताना ते खचलेले नव्हते, योगेश. तसं मला वाटणं सोयीचं होतं.

म्हणजे तू पंच्याखाली बोट दाबलंस त्याच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. माझ्या त्या पुड्या त्यांनी माझ्यासाठी गिळल्या, त्या कागदावर ते माझ्यासाठी हसले, आणि तुला फक्त किती दिवस ते विचारलं. मी तुला चारचौघांत बापाचा मारेकरी म्हटलं आणि तू त्यांचा नियम पाळत गप्प उभा राहिलास. माझं चुकलं. हे पत्र फाडून नवं, गोड पत्र लिहिता आलं असतं, पण राग अजून आहे, आणि खोटा कागद मी एकदा करून पाहिलाय, म्हणून जसं आहे तसंच पाठवते. भाऊबीजेला ये, माझ्याच दारात ये. त्या रश्मीला घेऊन ये, हिकमतराव तिला खरंच जमतात की नुसती मिशीच आहे ते मी बघून घेईन, आणि नाही जमले तर तोंडावर सांगेन. राग कशाचा आहे ते मला आज आईबरोबर भाजी निवडता निवडता कळलं. रोज त्यांच्या उशाशी मी होते, आणि त्यांनी विचारलं तुला. मी त्यांच्या जागी असते तरी तुलाच विचारलं असतं.

तुझीच, अजून रागातली,
रुपालीताई